विद्राव्य ग्राही आणि दाहक संधिवात

विद्राव्य ग्राही : पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही-प्रथिनांचा पेशीपासून सुटा झालेला आणि रक्तात, लघवीत किंवा सांध्यातील द्रवात विरघळून वावरणारा भाग. ग्राही बाहेरून आलेला संदेशरेणू पकडतो आणि त्याची वर्दी पेशीच्या आत देतो. त्याचे एक टोक पेशीबाहेर असते, मधला भाग पेशीपटलात रुतलेला असतो आणि दुसरे टोक पेशीच्या आत असते. सुट्या झालेल्या तुकड्यात यांतला फक्त बाहेरचा भाग उरतो. संदेशरेणू त्याला पकडता येतो, पण वर्दी द्यायला त्याच्यामागे पेशी नसते. दाहक संधिवाताशी, विशेषतः रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजेच आमवाताशी, या रेणूंचा संबंध दुहेरी आहे. रोग बळावला की त्यांपैकी अनेकांचे प्रमाण वाढते आणि त्यांच्याच धर्तीवर घडवलेली प्रथिने या रोगावर औषध म्हणून वापरली जातात. सुटा ग्राही म्हणजे दाह शमवणारा, असे सरसकट समजले जाते. टीएनएफ या दाहाच्या संदेशरेणूच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, इंटरल्यूकिन-६ या दुसऱ्या संदेशरेणूच्या बाबतीत जवळजवळ उलटे.

ग्राही सुटा होण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात पेशीच्या पृष्ठभागावरचे विकर ग्राहीला पटलाजवळ कापते. या कामातले सर्वांत परिचित विकर एडॅम-१७. त्याचा जनुक १९९७ साली ओळखला गेला. गंमत अशी, की पटलाला चिकटलेला टीएनएफ रेणू मोकळा करणारे विकरही हेच. म्हणजे दाहाचा संदेश आणि त्याला पकडणारा सुटा ग्राही, दोन्ही एकाच कात्रीतून बाहेर पडतात. दुसऱ्या मार्गात जनुकाचा संदेश वाचला जातानाच पटलात रुतणारा भाग गाळला जातो आणि पेशी मुळातच सुटे प्रथिन स्रवते.

टीएनएफ आणि त्याचे ग्राही. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव १९७५ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात लॉइड ओल्ड यांच्या गटाने दिले. त्याचा जनुक १९८४ साली हाती आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जिनिव्हा, इस्रायलमधील वाइझमन संस्था आणि स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांना माणसाच्या लघवीत टीएनएफचे काम रोखणारी प्रथिने सापडली. ती शुद्ध करून पाहिली, तेव्हा टीएनएफच्या ग्राहींचेच ते सुटे तुकडे निघाले. असे ग्राही दोन आहेत आणि रेणुभारावरून त्यांना पी५५ व पी७५ म्हणतात. १९९० साली दोन्हींचे जनुक उलगडले. पी७५ची रचना सशांत गाठी निर्माण करणाऱ्या शोप फायब्रोमा विषाणूच्या एका प्रथिनाशी जुळत असल्याचे त्याच वेळी लक्षात आले. पुढे गायींच्या देवीच्या (काउपॉक्स) विषाणूतही टीएनएफ पकडणारी अशी स्रवणारी प्रथिने आढळली. देवीच्या कुळातल्या विषाणूंनी यजमानाचा दाह थोपवण्याची ही युक्ती औषध कंपन्यांच्या फार आधीच वापरली होती.

आमवाताच्या रुग्णांत दोन्ही सुट्या ग्राहींचे प्रमाण रक्तात वाढलेले असते आणि सांध्यातील द्रवात त्याहूनही जास्त. मग सांधा सुजतो कसा? एक कारण संख्येचे : स्थानिक टीएनएफला पुरून उरतील इतके सुटे ग्राही तिथे नसतात. दुसरे कारण रचनेचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे. टीएनएफ तीन घटकांचा मिळून बनतो. एकटा सुटा ग्राही त्याच्या एकाच कडेला बसतो आणि लवकर सुटतो. शिवाय टीएनएफचे त्रिकूट एरवी आपोआप विस्कळीत होत जाते, ते सुट्या ग्राहीला चिकटल्यामुळे अधिक काळ टिकू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रमाण कमी असेल तर ग्राही टीएनएफला संपवण्याऐवजी साठवून हळूहळू सोडू शकतो.

हे दोन्ही दोष टाळण्यासाठी पी७५चे दोन बाह्य भाग मानवी प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडले गेले. ते औषध म्हणजे एटानरसेप्ट. सिॲटलच्या इम्युनेक्स कंपनीच्या या प्रथिनाला अमेरिकेत नोव्हेंबर १९९८ मध्ये आमवातासाठी मान्यता मिळाली. जोड-ग्राही टीएनएफला दोन बाजूंनी धरत असल्याने पकड अनेक पटींनी घट्ट होते. प्रतिपिंडाच्या शेपटीमुळे मूत्रपिंडातून ते झटपट निसटत नाही आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे ४ दिवस होतो. नेहमीची मात्रा त्वचेखाली आठवड्याला ५० मिलिग्रॅम. त्याआधी लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफविरोधी प्रतिपिंड वापरून हा रेणू रोखला तर सांधे निवतात, हे दाखवून दिले होते. एटानरसेप्टचे यश त्याच पायावर उभे आहे. मात्र ग्राही आणि प्रतिपिंड ही अदलाबदल करण्याजोगी औषधे नव्हेत. आतड्याच्या क्रोन विकारात इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड उपयोगी पडते, एटानरसेप्ट पडत नाही.

टीएनएफ रोखणे नेहमीच हिताचे असते असेही नाही. रक्तातील जंतुसंसर्गाने धक्क्याच्या अवस्थेत गेलेल्या रुग्णांवर हाच जोड-ग्राही वापरून पाहिला गेला. त्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले : औषध न मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्के, सर्वाधिक मात्रा मिळालेल्यांत ५३ टक्के. सांध्यात जो रेणू शत्रू ठरतो, तो जंतूंशी लढताना लागतो.

पी५५च्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे होणारा आनुवंशिक तापाचा विकार १९९९ साली वर्णिला गेला; त्यात वारंवार ताप, पोटदुखी, स्नायुदुखी आणि सांधेदुखी होते. ग्राही कापला न गेल्याने सुट्या ग्राहींचा तुटवडा पडतो, हे पहिले स्पष्टीकरण आकर्षक होते. पण सर्व उत्परिवर्तनांत कापणी अडत नाही, हे नंतर कळले. चुकीची घडी पडलेला ग्राही पेशीतच अडकून दाह पेटवतो, हे स्पष्टीकरण आता जास्त पटते.

इंटरल्यूकिन-६चा सुटा ग्राही. इथे गणित फिरते. इंटरल्यूकिन-६चा ग्राही यकृतपेशी आणि काही पांढऱ्या पेशींवरच असतो, पण त्याला संदेश पुढे न्यायला लागणारे जीपी१३० हे जोडीदार प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशींवर असते. सुटा ग्राही इंटरल्यूकिन-६ला पकडतो, जोडीने जीपी१३०वर बसतो आणि ज्या पेशीला स्वतःचा ग्राही नाही तिलाही संदेश देतो. जर्मनीतील कील येथील श्टेफान रोझ-यॉन यांनी या प्रकाराचा विशेष पाठपुरावा केला. सांध्याच्या अस्तरातील तंतुपेशी अशाच, स्वतःचा ग्राही जवळजवळ नसलेल्या. सांध्यात जमलेल्या न्यूट्रोफिल पेशी आपले ग्राही सोडतात आणि त्यांच्या आधारे या तंतुपेशी पांढऱ्या पेशींना बोलावणारी आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवणारी रसायने बनवतात. म्हणजे हा सुटा ग्राही दाह थोपवत नाही, तो पसरवतो. त्याला आवर घालणारा घटकही सुटाच आहे : रक्तात विरघळलेले जीपी१३०.

जपानमध्ये विकसित झालेले टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड पटलावरचा आणि सुटा, दोन्ही ग्राही अडवते. जपानमध्ये २००८ साली आणि अमेरिकेत २०१० साली ते आमवातासाठी मान्य झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, महाराष्ट्रात याच औषधासाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. त्यामुळे सांधेदुखीशी संबंध नसलेल्या घरांतही त्याचे नाव पोचले.

अन्य ग्राही. इंटरल्यूकिन-१चा दुसऱ्या प्रकारचा ग्राही आत वर्दी देतच नाही. तो पटलावर असो वा सुटा, केवळ फसवा ग्राही आहे. पहिल्या प्रकारचा सुटा ग्राही औषध म्हणून आमवातात अपयशी ठरला. शरीर इंटरल्यूकिन-१ला रोखण्यासाठी जे विरोधी प्रथिन बनवते, त्यालाही तो पकडून ठेवतो, हे त्यामागचे एक पटण्याजोगे कारण. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे १९९७ साली वर्णिलेले प्रथिन पटलावर कधी नसतेच. हाड पोखरणाऱ्या पेशींना जागवणारा रँक-लायगँड ते पकडते. आमवातात हा तोल बिघडल्याने सांध्यालगतचे हाड झिजते. सीटीएलए-४ या ग्राहीचा बाह्य भाग प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडून बनवलेले अबॅटासेप्ट डिसेंबर २००५ पासून वापरात आहे. ते संदेशरेणूऐवजी टी-पेशी जागी होण्यासाठी लागणारी दुसरी संमती रोखते.

मोजमाप. सक्रिय टी-पेशींनी सोडलेला इंटरल्यूकिन-२चा ग्राही आमवातात वाढतो, पण इतर अनेक विकारांतही वाढतो, म्हणून निदानाला कामाचा नाही. मुलांच्या सर्वांगी संधिवातात कधीकधी प्रतिकारशक्ती बेफाम होऊन जिवावर बेतते. तिथे मात्र ही चाचणी उपयोगी पडते. टीएनएफच्या सुट्या ग्राहींचे आकडे मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरी चढतात. टोसिलिझुमॅब सुरू केल्यावर रक्तातील इंटरल्यूकिन-६ आणि त्याच्या सुट्या ग्राहीचे मोजलेले प्रमाण वाढते. याचा अर्थ रोग वाढला असा नव्हे, रेणूंचा निचरा मंदावलेला असतो. त्याच औषधाने सीआरपी हे दाहाचे रक्तातील मोजमाप जवळजवळ शून्यावर येते, त्यामुळे अंगात मुरलेला जंतुसंसर्ग त्या चाचणीत दिसत नाही. दैनंदिन उपचारांत डॉक्टर आजही सुजलेले सांधे आणि ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्तचाचण्यांवरच भिस्त ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

भारतात या औषधांच्या वापराला क्षयाची चौकट आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि क्षयाचे जंतू गाठीत कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफ करतो. सुप्त क्षय उफाळण्याचा धोका टीएनएफविरोधी प्रतिपिंडांपेक्षा एटानरसेप्टमध्ये कमी दिसला आहे, पण तो शून्य नाही. म्हणून इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, माँटू किंवा रक्तावरची क्षय-चाचणी आणि कावीळ-बीची तपासणी केली जाते. एटानरसेप्टच्या समरूप औषधांमुळे उपचारांचा खर्च उतरला आहे. ल्युपिन कंपनीच्या पुण्यातील जैवतंत्रज्ञान विभागाने बनवलेल्या समरूपाला २०१९ साली जपानमध्ये आणि २०२० साली युरोपात मान्यता मिळाली. तरीही मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी हाच आपल्याकडे पहिला उपचार आहे. जोड-ग्राहीची पाळी ती अपुरी पडल्यावर येते.