राजगणित्याची थकबाकी

सरकारची चाकरी करणारा मनुष्य पगाराच्या दिवशीं घरीं येतो तेव्हां घरांतील माणसें त्याच्या हाताकडे पाहतात. पण तो हातच काळानें ओढून नेला, आणि त्या वेळीं त्याच्या श्रमाचा मोबदला सरकारी खजिन्यांतच अडकलेला असला, तर तो मागावयाचा कोणीं, कोणाकडे आणि कोणत्या कागदाच्या आधारावर? युरोपच्या इतिहासांत या प्रश्नाचें एक विलक्षण उदाहरण आहे. विलक्षण यासाठीं कीं, त्यांतील मृत नोकर हा कोणी सामान्य कारकून नव्हता. ग्रह सूर्याभोंवतीं वर्तुळांत नव्हे, तर दीर्घवर्तुळांत फिरतात, हें जगाला प्रथम सिद्ध करून दाखविणारा ज्योतिर्विद योहानेस केप्लर हा तो नोकर होय.

१६०१ सालच्या ऑक्टोबरांत टायको ब्राही हा थोर वेधकार प्राग येथें मरण पावला आणि त्याच्या जागीं बादशहा दुसरा रुडॉल्फ यानें केप्लरची राजगणिती म्हणून नेमणूक केली. टायकोची सालीना तैनात ३००० गुल्डन ठरलेली होती. केप्लरची ५०० ठरली. पण ठरणें निराळें आणि हातीं पडणें निराळें, हा धडा केप्लरला आरंभींच पाहावयास मिळाला. टायकोचीं वेधयंत्रें बादशहानें त्याच्या वारसांकडून २०,००० टेलरांस विकत घेण्याचें कबूल केलें. परंतु त्या रकमेचा पुरता भरणा कधींच झाला नाहीं. टायकोचे वारस आपल्या पैशासाठीं दरबारीं झगडत असतां केप्लर त्यांच्याच वडिलांच्या वेधांवर आपलें गणित उभारीत होता. पुढें तीच पाळी आपल्या मुलांबाळांवर येणार आहे, हें त्याला तेव्हां कोठून ठाऊक असणार?

रुडॉल्फ हा कृपण नव्हता. चित्रें, रत्नें, घड्याळें आणि दुर्मिळ वस्तु यांवर त्यानें पाण्यासारखा पैसा ओतला. त्यांतच १५९३ पासून १६०६ पर्यंत तुर्कांशीं युद्ध चाललें. अशा खजिन्यांत गणित्याची आठवण शेवटीं व्हावी, यांत नवल तें काय? रुडॉल्फ १६१२ त वारला. मागून मॅथियस आला, तोहि १६१९ त गेला. नंतर दुसरा फर्डिनंड आला. प्रत्येक नव्या बादशहानें केप्लरची नेमणूक कायम केली. मानाचा शिरपेंच राहिला आणि त्याबरोबर थकबाकीहि वाढत राहिली. १६१८ सालीं पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धानें तर खजिन्याचा तळच उघडा पडला.

१६२४ त केप्लर व्हिएन्ना येथें तगाद्यासाठीं गेला. त्याचें येणें सुमारें ६३०० गुल्डन निघालें. दरबारानें तें नाकारलें नाहीं. मात्र रोख पैसा न देतां नुरेंबर्ग, मेमिंगेन आणि केंप्टेन या तीन शहरांवर आज्ञापत्रें दिलीं. मराठी दफ्तरांत ज्याला वरात म्हणत, तसलाच हा प्रकार. वरात घेऊन दारोदार हिंडण्याचें काम धनकोचें! दोन लहान शहरांनीं सुमारें २००० गुल्डन दिले आणि त्यांतून ग्रहांच्या कोष्टकांसाठीं कागद आला. ज्या नुरेंबर्गावर मोठा आंकडा होता, त्यानें कांहींच दिलें नाहीं. १६२७ सालीं उल्म येथें ‘रुडॉल्फीय कोष्टकें’ प्रसिद्ध झालीं, तीं केप्लरच्या पदरच्या खर्चानें. त्या ग्रंथाच्या मुखचित्रांत ज्योतिषाचें एक मंदिर दाखविलें आहे. वर बादशाही गरुड चोंचींतून नाणीं टाकीत आहे, आणि खालीं पायथ्याच्या एका चौकटींत केप्लर मेणबत्तीच्या उजेडांत काम करीत बसला आहे. त्याच्या मेजावर त्यांतलीं थोडींच नाणीं पडलेलीं आहेत. अर्जांत जें लिहितां आलें नाहीं, तें चित्रांत लिहून गेलें!

१६२८ त बादशहानें आणखी एक युक्ति काढली. थकबाकीचा आंकडा आतां ११,८१७ गुल्डनांवर गेला होता. तो सारा त्यानें आपला सेनापति वॉलेनस्टाइन याच्या माथीं मारला. वॉलेनस्टाइननें केप्लरला सायलेशियांतील सगान गांवीं ठेवून घेतलें, छापखानाहि दिला. पण जुनें देणें कांहीं फेडलें नाहीं. १६३० च्या ऑगस्टांत खुद्द वॉलेनस्टाइनच पदच्युत झाला. आतां विचारावयाचें कोणाला?

त्याच ऑक्टोबरांत, अठ्ठावन्न वर्षांचा केप्लर घरच्यांचा निरोप घेऊन निघाला. ऑस्ट्रियांत गुंतविलेल्या रकमेचें व्याज वसूल करावें आणि रेगेन्सबुर्ग येथें भरलेल्या साम्राज्यसभेंत बादशहाच्या कानीं आपली दाद घालावी, असा त्याचा बेत होता. २ नोव्हेंबरला तो एका मरतुकड्या घोड्यावर बसून रेगेन्सबुर्गास पोंचला. थोड्याच दिवसांत तापानें पडला आणि १५ नोव्हेंबरला मरण पावला. गांवकुसाबाहेरच्या प्रॉटेस्टंट दफनभूमींत त्याला पुरलें. पुढें युद्धाच्या धामधुमींत ती दफनभूमीहि उद्ध्वस्त झाली.

मागें सगानांत विधवा सुझाना होती, आणि तिच्या पदरीं चार लहान मुलें. धाकटी मुलगी तर त्याच वर्षीं जन्मलेली. सुझाना ही एका सुताराची मुलगी, लहानपणींच पोरकी झालेली. दरबारच्या वाटा तिला कोठून माहीत असणार? जांवई याकोब बार्ट्श हा स्वतः गणिती होता. पण १६३३ त प्लेगनें त्याला गांठलें. सावत्र मुलगा लुडविग हा वैद्यकाचा विद्यार्थी, बापाच्या मृत्यूच्या वेळीं दूर प्रवासांत होता. १६३४ च्या फेब्रुवारींत वॉलेनस्टाइनचा खून झाला आणि त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. ज्याच्यावर वरात, तोच नाहींसा झाला. आणि ज्यानें वरात दिली, त्याच्या खजिन्यांत खडखडाट!

तेव्हां सुझाना केप्लरच्या एका अपुऱ्या छापलेल्या पुस्तकाचीं पानें घेऊन लुडविगकडे आली. चंद्रावरील प्रवासाची कल्पना करून केप्लरनें लिहिलेलें तें ‘स्वप्न’ होतें. त्याची छपाई प्रथम केप्लरच्या आणि मग बार्ट्शच्या मृत्यूनें अडली होती. लुडविगनें तें १६३४ त पुरें करून प्रसिद्ध केलें, कीं त्यापासून तरी आईला व भावंडांना चार पैसे मिळावेत. राजगणित्याच्या पगाराऐवजीं त्याच्या स्वप्नावर कुटुंबाला आशा ठेवावी लागली! १६३६ सालीं, नवरा जेथें वारला त्याच रेगेन्सबुर्गांत, सुझाना दारिद्र्यांत मरण पावली. थकबाकी मिळाली नाहीं, ती नाहींच.

या हकीकतींत खलपुरुष शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. एकाहि बादशहानें देणें नाकारलें नाहीं. आंकडा मान्य, सही मान्य, शिक्का मान्य. नाकारलेल्या हक्कासाठीं माणूस भांडूं तरी शकतो. पण मान्य केलेला हक्क एका दारावरून दुसऱ्या दारावर धाडला जातो, तेव्हां भांडावयाचें कोणाशीं, हेंच कळत नाहीं. आज नोकरीवर असतांनाच सरकारी नोकर वारसाचें नामनिर्देशन करून ठेवतो, त्यामुळें पैसा घ्यावयाचा कोणीं, या प्रश्नाचें उत्तर सहज मिळतें. सुझानाच्या बाबतींत तर हा वाद मुळींच नव्हता. द्यावयाचा कोणीं आणि केव्हां, एवढेंच तिला कोणीं सांगितलें नाहीं.

केप्लरचीं हस्तलिखितें मात्र टिकलीं. लुडविगनें तीं जन्मभर जपलीं. पुढें तीं अनेक हातांतून गेलीं, एकदां गहाणहि पडलीं, आणि अखेर १७७३ त रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिनें तीं विकत घेतलीं. त्या कागदांसाठीं परक्या राजसत्तेनें रोख पैसा मोजला. पण तेव्हां तो घ्यावयास सुझाना नव्हती, आणि तिचीं मुलेंहि नव्हतीं.