माथेरान : ओझे वाहणाऱ्यांचा इतिहास

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या इतिहास-सहलींना माथेरान सोयीचे. बदलापूरहून नेरळ तिसरे स्थानक, तेथून डोंगर. मुलांच्या हाती पडणारी माहिती ठरलेली : १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढला आणि त्याने माथेरान ‘शोधून काढले’. हा शब्दच आधी तपासला पाहिजे. ठाकूर, कातकरी, धनगर या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. साहेबाच्या आधी पायवाटा त्यांच्या पायांनी पाडलेल्या होत्या. पॉइंटांना आणि तळ्याला नावे मात्र लुईझा, अलेक्झांडर, शार्लट यांची.

मागोमाग मुंबईचे धनिक आले, बंगले उठले. डोंगर चढायचा तो तट्टूवर, नाहीतर डोलीत, माणसांच्या खांद्यावर. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून दोन फुटी रुळांची गाडी वर नेली. तरी माणसाची सुटका झाली नाही. वर पोचलेल्या पाहुण्यासाठी हातरिक्षा होतीच. बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले असे सांगतात. माथेरानात घोड्याच्या जागी माणूस जुंपला गेला आणि ती बदली कुणाला खटकली नाही.

माझे वडील मालधक्क्यावर गोण्या उचलीत. त्यांच्या खांद्यावरचा घट्टा हा मी वाचलेला पहिला दस्तऐवज. घरातला पहिला पदवीधर झाल्यावर मी ग्रंथालयातले दस्तऐवज वाचले. त्यांत असा खांदा क्वचितच भेटला.

माथेरानात मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडे राखावीत याबद्दल वाद नाही. प्रश्न हिशेबाचा आहे : शुद्ध हवेची किंमत कुणाच्या छातीतून वसूल झाली? धूर न सोडणारे यंत्र म्हणून माणूसच धरला गेला. लाल मातीच्या चढावर ९४ परवान्यांच्या हातरिक्षा एकविसाव्या शतकातही ओढल्या जात होत्या, आणि पर्यटक त्याला जुन्या काळची मौज म्हणत होते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने आदेश दिला : ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना आखा, पैसा नाही ही सबब ऐकली जाणार नाही. हे तत्त्व काही नवे नव्हते. अमृतसरच्या रिक्षाचालकांना स्वतःच्या रिक्षेची मालकी मिळावी, असा मार्ग न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच दाखवला होता. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात तर न्यायालयाने सांगितले, की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीही घटनेच्या २३ व्या कलमातील वेठच. नेरळ ते माथेरान हा चढ चढायला या तत्त्वाला चार दशके लागली!

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक घरात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, आझाद दस्ता उभारला, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. हौतात्म्याचे गोडवे गाताना त्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेली धान्यपेढी आणि शाळा मागे पडतात. माझ्या मते तोच त्यांच्या चरित्राचा गाभा.

सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पॉइंट मोजणे पुरे करावे. वही घेऊन रिक्षा ओढलेल्या माणसांजवळ बसावे. मूळ गाव कोणते, जात कोणती, रिक्षा कुणाच्या मालकीची, परवाना कुणाच्या नावावर, भाड्यातले हाती किती उरे, छातीचे दुखणे कधी लागले, ई-रिक्षा नेमकी कुणाला मिळाली, एवढे तरी त्यांच्याच शब्दांत उतरवून आणावे.