वजनावर गेलेली तबकडी

रामबागेतला एक जुना वाडा 2006 साली पाडायला काढला, तेव्हा त्याचा माळा रिकामा करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही म्हणजे तिघे. शाळेपासूनचे सोबती, तिघेही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले आणि पुढेमागे तिघेही राज्य सरकारच्या नोकरीत लागलेले. वाड्यातल्या काकूंनी सांगितले होते, देवाची भांडी आणि पत्र्याच्या ट्रंका तेवढ्या नीट खाली आणा, बाकीचे तुमचे तुम्ही बघा रे. माळ्यावर तांब्याचा बंब निघाला, मोडका पाळणा निघाला आणि लाकडी खोक्यांत भरलेल्या रेकॉर्डी निघाल्या. खोकी दोन होती. पहिल्यावर आम्ही तुटून पडलो. बालगंधर्व, हिराबाई, माणिक वर्मा, गीतरामायण. कोणी काय न्यायचे यावरून तिथेच थोडी वादावादीही झाली. दुसऱ्या खोक्यात सगळे इंग्रजी होते. काकूंचे धाकटे दीर सत्तरच्या सुमारास मुंबईला शिकायला होते, त्यांचा तो संग्रह. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. आम्ही वरवर चाळले. एका कव्हरवर सिगारेटच्या ब्रँडचे नाव पाहून जाहिरातीसाठी फुकट वाटली असेल, असे म्हणून हसलोसुद्धा. ते खोके कबाड्याने वजनावर नेले. कव्हरे रद्दीच्या भावाने, तबकड्या प्लास्टिकच्या भावाने.

कव्हरवर ‘सिमला बीट 70’ असे छापलेले होते. ते काय होते हे कळायला आम्हाला आठ वर्षे लागली.

सिमला हा इंपीरियल टोबॅको कंपनीचा सिगारेटचा ब्रँड. हीच कंपनी 1970 मध्ये इंडिया टोबॅको झाली आणि आज तिला आपण आयटीसी म्हणून ओळखतो. सिगारेटच्या जाहिरातीवर त्या काळी आजच्यासारखी बंधने नव्हती. तरुण मुलांपर्यंत नाव पोचवायचे म्हणून कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस रॉक बँडची अखिल भारतीय स्पर्धा सुरू केली. (आपल्याकडे बँड म्हटले की वरात डोळ्यांपुढे येते. हे बँड वेगळे. तीन-चार पोरे, दोन गिटार, एक ड्रम आणि डोक्यावर आईवडिलांना न आवडणारे केस.) स्पर्धेचा शेवटचा सामना मुंबईत, षण्मुखानंद सभागृहात. ज्या सभागृहाचे नाव घेतले की आपल्याला भीमसेनजी आणि सुब्बलक्ष्मी आठवतात, तिथे शिलाँगचा फेंटोन्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर, मद्रासचा कन्फ्यूजन्स, बंगळूरचा डायनोसॉर्स अशी मंडळी येऊन वाजवून गेली. 1970 आणि 1971 अशा दोन वर्षी निवडक बँडची गाणी एलपीवर निघाली. त्यांतली काही परदेशी गाण्यांची नक्कल आहेत, काही मात्र या मुलांनी स्वतः रचलेली आहेत.

गाणी चांगली आहेत का? सगळी नाहीत. काही ठिकाणी ताल सुटतो, काही ठिकाणी इंग्रजी उच्चार उगाच ओढूनताणून आणलेले वाटतात. पण गिटारचा आवाज ऐकण्यासारखा आहे. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. याला क्लिपिंग म्हणतात आणि पॉलिटेक्निकात आम्हाला तो दोष म्हणून शिकवला होता. तो कसा टाळावा यावर परीक्षेत प्रश्नही यायचा. रॉकवाल्यांनी हाच दोष अलंकार म्हणून अंगावर घातला. परदेशात त्यासाठी तयार पेटी विकत मिळत असे. आपल्याकडे आयात मालावर जबर जकात, त्यामुळे ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकला धरून जुन्या व्हॉल्व्हवर काहीतरी जुळवून घ्यायचे. या मुलांचा आवाज विलायती आवाजापेक्षा खरखरीत आणि रानटी लागतो, त्यामागे असला जुगाडही आहे, असे आमचे कान सांगतात.

हा काळ इतका पुसला गेला आहे की तो होऊन गेला यावरच पटकन विश्वास बसत नाही. कलकत्त्याहून 1967 ते 1977 या काळात ‘जेएस’ नावाचे तरुणांचे साप्ताहिक निघत असे, त्यात या बँडची छायाचित्रे येत. लोणावळ्याजवळ मळवलीला 1971 मध्ये ‘स्नेहयात्रा’ नावाचा उघड्यावरचा संगीतमेळा भरला होता. कार्ल्याच्या लेण्यांना जाताना आपण ज्या स्टेशनावर उतरतो, तेच हे मळवली. आणि 1972 मध्ये लेड झेपेलिन या जगप्रसिद्ध बँडचे पेज आणि प्लँट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवून गेले आणि इथल्याच वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी मुद्रितही केली.

आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. कळले ते 2014 मध्ये, आणि तेही एका दुःखद बातमीने. नंदू भेंडे गेल्याची ती बातमी.

भेंडे हे नाव आपल्या घरांत नवे नाही. आत्माराम भेंडे यांचे ‘झोपी गेलेला जागा झाला’ आठवले की आमची आई अजून हसते. नंदू हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. घरात मराठी रंगभूमी नांदत असताना हा मुलगा वेल्व्हेट फॉग नावाच्या रॉक बँडमध्ये गात होता. अलेक पदमसी यांनी 1974 मध्ये मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतक बसवले, त्यात ज्यूडासची भूमिका नंदूंनी केली. पुढे 1978 मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीसाठी जब्बार पटेलांनी तो बसवला, आणि त्यात प्रमुख भूमिकेत पुन्हा नंदू भेंडे. नाट्यसंगीत, लावणी, भावगीत आणि रॉक एकाच नाटकात एकापाठोपाठ. रॉक हे इंग्रजी शाळेतल्या श्रीमंत पोरांचे खूळ होते, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना आम्ही हे एक नाव सांगतो. वाड्यातले ते धाकटे दीरही काही श्रीमंत नव्हते. इंदूरहून मनिऑर्डर जायची, त्यातून वाचवून त्यांनी रेकॉर्डी घेतल्या असणार.

नंदूंवरचे मृत्युलेख वाचताना एकाने सिमला बीटचा उल्लेख पाहिला आणि आम्हाला फोन केला. फोनवर दोघेही काही वेळ बोललो नाही. त्याच वर्षी सिद्धार्थ भाटिया यांचे या पिढीवरचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. ते आम्ही वर्गणी काढून मागवले, तेव्हा हळूहळू सगळा नकाशा डोळ्यांपुढे आला. तोवर सिमला बीटच्या दोन्ही एलपी जर्मनीतल्या एका कंपनीने पुन्हा काढलेल्याही होत्या. मूळ प्रतींसाठी परदेशी संग्राहक मोजतात ती रक्कम ऐकून आमच्यापैकी एकाने डोक्याला हात लावला. तोच 2006 साली कबाड्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करत होता.

अटॉमिक फॉरेस्टची गोष्ट याहून चटका लावणारी. हा मुंबईचा बँड, बास गिटारवाले कीथ कांगा त्याचे आधारस्तंभ. क्लबांत आणि कॉलेजांत त्यांनी वर्षानुवर्षे वाजवले, पण रेकॉर्ड कंपन्यांना सिनेमाच्या गाण्यांपुढे यांच्यात काही दिसत नव्हते. अखेर ‘ऑब्सेशन 77’ ही एकुलती एक एलपी झाली आणि ती बाजारात आली तोवर बँड फुटलेला होता. ती कोणी घेतली नाही, कोणी वाजवली नाही. न खपलेल्या तबकड्या वितळवून तोच माल पुन्हा वापरायचा, ही या धंद्यात जगभर चालत आलेली रीत आहे. त्यामुळे न खपणे म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे, जगातून नाहीसे होणे. जी मूठभर मंडळी घेऊन जातात, त्यांच्या घरात उरते तेवढेच. या एलपीच्या उरलेल्या प्रती फिरत फिरत परदेशी संग्राहकांच्या हाती पोचल्या आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या कंपनीने जुन्या वादकांना शोधून काढून, त्यांच्याकडची इतर मुद्रणे जमवून हे संगीत पुन्हा प्रकाशित केले. कित्येक वर्षांनी.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हे तीन हॅकनी भाऊ होते. कृष्णवर्णी कुटुंब, पण वाजवायचे ते वेगवान, तडकफडक रॉक. पुढे ज्याला पंक म्हणू लागले, त्याच्याही थोडे आधीचे. बँडचे नाव त्यांनी ठेवले ‘डेथ’. मोठ्या कंपनीच्या साहेबाला गाणी आवडली, पण हे अशुभ नाव बदला म्हणाला. थोरल्या डेव्हिडने बदलले नाही. मग 1976 मध्ये पदरमोड करून त्यांनी दोन गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली, फक्त 500 प्रती. मूळ टेपा डेव्हिडने भावाच्या हवाली केल्या आणि बजावले की जग एक दिवस या शोधत येईल, सांभाळ. डेव्हिड 2000 मध्ये कर्करोगाने वारला. टेपा माळ्यावर पडून राहिल्या. पुढे त्या लहान रेकॉर्डीवर संग्राहकांच्या उड्या पडू लागल्या. बॉबीच्या मुलांनी एकदा ते गाणे दुसरीकडेच ऐकले आणि आवाज आपल्या वडिलांचा आहे हे ओळखले. 2009 मध्ये ती सगळी गाणी पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. माळा तिथेही होता आणि इथेही होता. फरक इतकाच की तिथल्या माळ्यावर आम्ही चढलो नव्हतो.

सिनेमासंगीताला आणि नाट्यसंगीताला वाली आहेत. आपल्या इंदूरजवळ पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी लताबाईंच्या आणि इतर जुन्या रेकॉर्डींचे केवढे संग्रहालय उभे केले आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावे. रॉकला, मेटलला आपल्याकडे तसे कोणी नाही. ऐंशीनंतर तर सगळे कॅसेटवर गेले. मुंबईच्या रॉक मशीनची ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ 1988 ची. हाच बँड पुढे इंडस क्रीड झाला. ती निदान गाजली तरी. पण गावोगावच्या कॉलेजातल्या पोरांनी स्वतः भरलेल्या कॅसेटी कुठे असतील? कॅसेटच्या फितीला पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, चिकटपट्टी सुटते, आणि लोक ती उचलून फेकून देतात. बुरशी धरलेली फीतही पुष्कळदा धीराने साफ करून वाजवता येते. आम्ही दोन-तीन वाजवल्या आहेत.

तबकडीचे त्याहून सोपे. मूळ टेप हरवली असली तरी चांगली राहिलेली एक प्रत पुरते. ती धुवायची, नव्या सुईने वाजवून संगणकावर उतरवायची आणि टिकटिक एकेक करून काढायची. एका बाजूला आमच्या दोन रविवारच्या दुपारी जातात. घरात रेकॉर्डी असतील तर त्या आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, मे महिन्यात त्यांचा पापड होतो. विनाइलची रेकॉर्ड कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, मधले लेबल कोरडे ठेवून धुता येते. जुन्या 78 च्या जड रेकॉर्डी मात्र लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आमच्यातल्या एकाने अति उत्साहात हे करून पाहिले आहे. रेकॉर्ड नाट्यसंगीताची होती आणि त्याच्या सासऱ्यांची होती.

2014 मध्ये आम्ही त्या कबाड्याकडे जाऊन आलो. दुकान तिथेच होते, गादीवर मुलगा बसला होता. सगळे ऐकून घेऊन त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “भैया, आठ साल? हमारे यहां माल आठ दिन नहीं रुकता.”

तेव्हापासून कोणाचे घर पाडणार किंवा विकणार असे कानावर आले की आम्ही आधी जाऊन विचारतो. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. यंदा चैत्रात लोकमान्य नगरातल्या एका घरातून मात्र 45 ची एक लहान रेकॉर्ड मिळाली आहे. कव्हर नाही, लेबल उंदराने कुरतडलेले. कडेला कोरलेला क्रमांक भिंगाखाली वाचता येतो, पण तो जुळवायला यादी सापडत नाही. एका बाजूला गिटार आणि ऑर्गन, मुलगा इंग्रजीत गातो, शेवटी कोणीतरी हसल्याचा आवाज आहे. दुसरी बाजू खूप घासलेली आहे, म्हणजे तीच जास्त वाजवली गेली असणार. लेबलच्या उरलेल्या तुकड्यावर निळ्या शाईने ‘वि.’ एवढे एक अक्षर आहे. घरातल्या आजोबांना ते कोणाचे हे सांगता आले नाही. गणपतीचे दहाही दिवस संध्याकाळच्या आरतीनंतर आम्ही ती सभागृहामागच्या खोलीत लावणार आहोत. सत्तरच्या आसपास जे कॉलेजात होते, त्यांनी कृपा करून एकदा येऊन ऐकावे.