दाबीव काचेच्या जुन्या थाळ्या : नक्षी, निर्मातामुद्रा आणि कालनिश्चिती

प्रस्तावना

वितळलेली काच धातूच्या साच्यात घालून दट्ट्याने दाबण्याचे तंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात यंत्राच्या साहाय्याने रूढ झाले. त्यामुळे हाताने कोरलेल्या महागड्या काचेसारखी नक्षी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली. अशा थाळ्यांचा कर्ता व काळ ठरविण्यासाठी नक्षी आणि मुद्रा हे दोन पुरावे वापरले जातात. प्रस्तुत लेखात त्यांच्या मर्यादांचा विचार केला आहे.

नक्षीचा पुरावा

डेमिंग जार्व्ह्ज यांनी १८२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथे काचकारखाना उभारला. तेथील आरंभीच्या थाळ्यांची पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी भरलेली असे. साच्यामुळे काचेवर पडणाऱ्या सुरकुत्या त्या ठिपक्यांत झाकल्या जात. मात्र अशी नक्षी अमेरिकेतील इतर कारखान्यांत व फ्रान्समध्येही होत असे आणि या थाळ्यांवर निर्मात्याची मुद्रा क्वचितच आढळते. म्हणून केवळ ठिपक्यांवरून थाळी सँडविचची ठरविणे योग्य नव्हे.

मुद्रेचा पुरावा

ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत नमुन्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराची मुद्रा असे. तिच्या शिरोभागी वर्तुळातील रोमन तीन हा अंक काचेचा वर्ग दर्शवितो. १८६७ पर्यंत वर्षाचे सांकेतिक अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, तर १८६८ पासून ते उजव्या कोपऱ्यात आले. हा बदल लक्षात न घेतल्यास तारीख चुकते. १८८४ पासून शंकरपाळ्याची जागा क्रमांकाने घेतली. गेट्सहेडच्या सोवर्बी कारखान्याने १८७६ मध्ये मोराच्या मस्तकाचे चिन्ह नोंदविले. दोन्ही मुद्रा एकाच वस्तूवर असल्यास कर्ता व नोंदणीची तारीख दोन्ही कळतात.

तथापि ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची असते, थाळी घडविल्याची नव्हे. मुद्रा साच्यात कोरलेली असल्याने साचा वापरात असेपर्यंत ती उमटत राहते. ओहायोतील हायसी कंपनी १८९६ पासून काच बनवीत होती. ती १९५७ मध्ये बंद पडली व १९५८ मध्ये तिचे साचे इंपीरियल कंपनीने घेतले. त्यानंतर काढलेल्या काही वस्तूंवरही हायसीची मुद्रा उमटली.

निष्कर्ष

नक्षी परंपरा सुचविते, तर मुद्रा साच्याचा उगम सांगते. नोंदणीची तारीख ही काळाची केवळ पूर्वमर्यादा होय. थाळीचा प्रत्यक्ष काळ ठरविताना काचेचा रंग, साच्याच्या सांध्याच्या रेषा, तळाची झीज आणि साच्यांच्या हस्तांतराचा इतिहास हे सर्व एकत्र तपासणे अपरिहार्य ठरते.