व्हाइस: आयटीआयमध्ये मशीनच्या आधी ‘पकड’ का शिकवतात?

सोयाबीनची मळणी तोंडावर आली की धाराशिव जिल्ह्यातल्या वर्कशॉपवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कुणाच्या मळणी यंत्राचा शाफ्ट झिजलेला असतो, कुणाला ट्रॅक्टरच्या पाटीला नवं भोक पाडून हवं असतं. प्रत्येकाला काम आत्ताच हवं असतं. अशा घाईत एक चूक हमखास होते. लोखंडाची पट्टी हातातच धरून ड्रिलखाली सरकवली जाते. ‘एकच तर भोक आहे, कशाला व्हाइस लावायचा?’

हा व्हाइस म्हणजे काय, तो एवढा महत्त्वाचा का आणि तो लावला नाही तर काय होऊ शकतं, तेच समजून घेऊ.

व्हाइस म्हणजे नेमकं काय?

ज्या वस्तूवर काम करायचं तिला वर्कशॉपच्या भाषेत ‘जॉब’ म्हणतात. कापताना, घासताना किंवा भोक पाडताना हा जॉब हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारं साधन म्हणजे व्हाइस. याला दोन जबडे असतात. एक पक्का, दुसरा पुढे-मागे सरकणारा. मधून जाड आट्यांचा स्क्रू जातो, त्याला स्पिंडल म्हणतात. हँडल फिरवलं की सरकता जबडा पुढे येतो आणि जॉब दोन्हींच्या मध्ये आवळला जातो. जॉब लहान असो वा मोठा, अंतर हवं तेवढं कमी-जास्त करता येतं.

व्हाइसचं अंग साधारणपणे बिडाचं असतं आणि जबड्यांवर कडक पोलादाच्या खाचेदार पट्ट्या बसवलेल्या असतात. व्हाइसचा आकार जबड्याच्या रुंदीवरून सांगतात. ‘150 चा व्हाइस’ म्हणजे 150 मिलिमीटर रुंद जबड्याचा.

हाताच्या जोरावर एवढी ताकद येते कुठून?

एक साधा हिशेब बघू. हँडलवर मध्यापासून 200 मिलिमीटरवर तुम्ही 10 किलोचा जोर लावला, असं धरा. हँडल एक फेरा फिरलं की हात साधारण 1256 मिलिमीटर फिरतो. स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर 5 मिलिमीटर असेल तर तेवढ्यात जबडा फक्त 5 मिलिमीटर सरकतो. म्हणजे जोर सुमारे 250 पट वाढतो. कागदावर हा दाब अडीच टन होतो.

प्रत्यक्षात एवढा मिळत नाही, कारण यातला बराचसा जोर आट्यांमधलं घर्षण खातं. तरीही काही शे किलोंची पकड उरते. आणि जे घर्षण जोर खातं, तेच जॉब धरून ठेवतं. हँडल सोडलं तरी स्क्रू आपोआप मागे फिरत नाही, तो याच घर्षणामुळे.

हातात धरलं तर काय होतं?

ड्रिल भोक पाडत खाली जातं तोपर्यंत सगळं ठीक वाटतं. खरा धोका शेवटच्या क्षणी असतो. ड्रिल खालच्या बाजूने बाहेर पडताना कडेच्या धातूत अडकतं आणि अख्खी पट्टी स्वतःबरोबर फिरवायला लागतं.

ड्रिल मिनिटाला 900 फेरे घेत असेल तर सेकंदाला 15 फेरे होतात. ड्रिलपासून 15 सेंटीमीटर लांब असलेलं पट्टीचं टोक तेव्हा ताशी जवळपास 50 किलोमीटर वेगाने फिरतं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून जॉब व्हाइसमध्ये आणि व्हाइस मशीनच्या टेबलाला बोल्टने पक्का, हा नियम आहे. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हातही ओढला जातो.

सगळे व्हाइस सारखे नसतात

आयटीआयमध्ये पहिली ओळख होते ती बेंच व्हाइसची. तो बाकाला पक्का बसवलेला असतो. कानस आणि करवतीचं काम यावरच चालतं. त्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराएवढी असावी लागते. कमी-जास्त झाली तर कंबर आणि खांदे बोलायला लागतात, शिवाय कानस सपाट चालत नाही.

मशीन व्हाइस ड्रिलिंग किंवा मिलिंग मशीनच्या टेबलावर बसतो. काहींचा तळ फिरतो, त्यामुळे जॉब हव्या त्या कोनात लावता येतो.

लेथवर जॉब स्वतःच फिरतो, तिथे हेच काम चक करतो. तीन जबड्यांच्या चकमध्ये एक किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदम सरकतात आणि गोल जॉब आपोआप मध्यावर येतो. चार जबड्यांच्या चकमध्ये प्रत्येक जबडा वेगळा सरकवावा लागतो. वेळ जातो, पण वेडावाकडा जॉबही धरता येतो. चकची किल्ली काम झालं की लगेच काढायची. ती चकमध्येच राहिली आणि लेथ चालू झाला, तर ती गोळीसारखी सुटते.

जास्त आवळलं म्हणजे चांगलं का?

नाही. पातळ नळी तीन जबड्यांत करकचून आवळली तर ती किंचित तिकोनी दबते. त्याच अवस्थेत आतून गोल कापली आणि चक सैल केला की नळी मूळ आकारात येते आणि आतलं भोक वाकडं होतं. मशीन बरोबर, हत्यार बरोबर, तरी जॉब भंगारात.

म्हणून काही गोष्टी पाळतात. मऊ किंवा पॉलिश केलेला जॉब असेल तर जबड्यांवर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावतात. मशीन व्हाइस आवळताना सरकता जबडा जॉबला किंचित वर उचलतो, म्हणून मऊ हातोडीने ठोकून जॉब खाली बसवतात. कापण्याचा जोर शक्यतो पक्क्या जबड्यावर येईल असा जॉब लावतात. हँडलला पाइप लावून किंवा हातोडीने ठोकून आवळत नाहीत, त्याने आटे जातात आणि बिडाला तडाही जाऊ शकतो.

एका मोडक्या व्हाइसची गोष्ट

सन 1789 च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले नावाचा 18 वर्षांचा पोरगा लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्यात काम मागायला गेला. रीतसर उमेदवारी केलेली नाही म्हणून त्याला घ्यावं की नाही, असा प्रश्न होता. असं सांगतात की तिथला झिजलेला बेंच व्हाइस दुरुस्त करून दाखवतो, असं तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने जबडे नव्याने बसवले, खाचा पाडल्या, पोलादाला पाणी दिलं आणि व्हाइस चकाचक करून ठेवला. नोकरी मिळाली. पुढे याच मॉड्स्लेने अचूक आटे कापणारा लेथ घडवला.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिथले लेथ देशभरातल्या वर्कशॉपमध्ये पोहोचले.

धाराशिवच्या पोरांसाठी हे का महत्त्वाचं?

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. पाऊस बेभरवशाचा, मोठे कारखाने कमी. त्यामुळे फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स करून अनेक मुलं पुणे, चाकणची वाट धरतात. सुरुवातीला कानस घासताना घरच्यांना वाटतं, पोरगं नुसतं लोखंड घासतंय, मशीन कधी शिकणार?

पण तिथे तो पकडच शिकत असतो. चाकणच्या सीएनसी मशीनवर जबडे तेलाच्या दाबाने आवळले जात असतील, तरी जॉब कुठे धरायचा आणि किती आवळायचा, हे ठरवायला माणूसच लागतो. आणि तो गावाकडे परत येऊन स्वतःचं वर्कशॉप टाकणार असेल, तर मळणीच्या घाईतही ‘आधी व्हाइस, मग ड्रिल’ म्हणायची सवय त्याची दहाही बोटं सलामत ठेवेल.