महाविद्यालयीन शिक्षणाचा खरा खर्च
जाहीर शुल्कातून शुल्कमाफी व शिष्यवृत्ती वजा करून त्यात निवास, भोजन, प्रवास व पुस्तके यांचा खर्च मिळवला की विद्यार्थ्यावर पडणारा खरा भार कळतो. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यात शिक्षण शुल्क व विकास शुल्क असे दोन भाग असतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती मिळते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र मुलींना ती पूर्ण मिळते. विकास शुल्क मात्र उरतेच. म्हणून ‘शुल्कमाफी’ म्हणजे मोफत शिक्षण नव्हे.

जेवणखाण घरीही लागतेच, मग ते शिक्षणाच्या खर्चात का धरावे, असा आक्षेप घेतला जातो. घरून ये-जा करणाऱ्यापुरता तो बराचसा खरा आहे. गडचिरोलीहून पुण्यास आलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीचे भाडे, अनामत व खानावळीचे पैसे हा मात्र प्रवेशामुळेच उद्भवलेला खर्च होय. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजना हेच मान्य करतात. शिवाय भाडे राहायला येताच सुरू होते, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज केलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम पडताळणीनंतर खात्यात येते. मधल्या काळात उसनवारी करावी लागली, तर तिचे व्याजही खर्चातच धरले पाहिजे. मदतीचे मोजमाप करताना रकमेइतकेच ती हाती पडण्याच्या वेळेलाही महत्त्व द्यावे लागते.