दुष्काळ, देव आणि केडगाव

पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेविषयी आपल्याकडे दोन मतं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. एक म्हणतं, दुःखांनी खचलेल्या बाईला ख्रिस्तात आधार सापडला. दुसरं म्हणतं, मिशनऱ्यांनी एका विदुषीला हेरून आपल्याकडे ओढलं. दोन्ही मतांत रमाबाई स्वतः काहीच करत नाहीत, सगळं त्यांच्या बाबतीत फक्त घडत जातं. दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी जे उभं केलं, त्याच्याशी मात्र यातलं एकही मत जुळत नाही. ती श्रद्धा आधी एकदा मोडून पडलेली होती. दुसऱ्यांदा उभी राहिली ती पोटाचा प्रश्न बाजूला न सारता, आणि म्हणूनच ती टिकली.

ती मोडली १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात, मद्रास इलाख्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, मुलींनाही शिकवलं, आणि सारं कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरत राहिलं. हातात होता नव्हता तो पैसा ब्राह्मणभोजनात, दानात आणि अनुष्ठानांत गेला. अंगमेहनतीची कुणाला सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. रानातला पाला खाऊन दिवस काढले, आणि मग आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघं भावंडं, रमाबाई आणि श्रीनिवास, उत्तरेपर्यंत पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, मान तेवढी बाहेर ठेवून स्वतःला पुरून घेतलं आणि रात्र काढली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन जिचा गौरव केला, तिचा मूर्तिपूजेवरचा विश्वास या वाटचालीतच उडाला होता. हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्यात आईवडिलांविषयी कडवटपणाचा लवलेश नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधार शोधणारी बाई इथे शांत बसली असती. रमाबाईंनी उलट वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. त्रैक्याची कल्पना पटत नाही म्हणून हट्टाने प्रश्न विचारले, शाकाहार सोडला नाही, आणि आपल्या सदसद्विवेकाची किल्ली कुणा पाद्र्याच्या हाती देणार नाही हे स्पष्ट बजावलं. देव स्वीकारला, मध्यस्थ नाकारले. पहिल्या श्रद्धेत त्यांनी जे भोगलं होतं, त्याचा हा सरळ परिणाम.

म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता. शहरात इतकी माणसं ठेवणं अशक्य, तेव्हा केडगावच्या माळावर तात्पुरत्या झोपड्या पडल्या. पुढे तिथे विहिरी, शेती, गुरं, विणकाम, तेलाची घाणी आणि छापखाना आला. १९०० पर्यंत तिथे सुमारे १५०० माणसं राहत होती. अंध मुलींना तिथे ब्रेल शिकवली जाई. कामाची सवय नसल्याने आपल्या घरची माणसं कशी गेली हे जिने पाहिलं, तिच्या आश्रमात प्रार्थनेइतकंच काम सक्तीचं असावं, याचं नवल वाटू नये. छापखान्यात मुली खिळे जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर या मुलींच्याच हातून छापलं गेलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी ते काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की भुकेल्या पोरींना भाकरी देऊन धर्म बदलायला लावला. तो झटकून टाकता येत नाही. उपाशी मुलीची संमती ही पूर्ण मोकळी संमती नव्हे, आणि केडगावचं वातावरण उघड ख्रिस्ती होतं. ‘केसरी’ने केडगावच्या आधी रमाबाईंनी पुण्यात विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनावर टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये सुधारक रानडे, भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ते उगाच नव्हे, सदन धर्माबाबत तटस्थ राहील असा शब्द होता. पण त्याच सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी त्याच वर्षी पुनर्विवाह झाला आणि त्या हिंदूच राहिल्या. सदनाच्या दारातून आत गेलेली प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली, हे खरं नाही. शिवाय १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढेपर्यंत, पुण्यात विधवांच्या शिक्षणासाठी टीकाकारांनी स्वतः काय उभारलं होतं, हाही प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरा आक्षेप मला कमकुवत वाटतो. परक्या धर्माची आणि परक्या पैशांची बाई सरकारच्या ताटाखालचं मांजर होणारच, असं म्हटलं जातं. १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या मंडळाने रमाबाईंच्या कामाला दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती, हे खरं. पण १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यातल्या बायकांचे हाल झाले, तेव्हा रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी व्यवस्थेवर जाहीर आरोप केले. मुंबईच्या गव्हर्नरने ते फेटाळले. ज्या सरकारच्या राज्यात त्यांची संस्था चालत होती, त्याच सरकारविरुद्ध ते पत्र होतं, आणि केडगाव तेव्हा नुकतं कुठे उभं राहत होतं.